चाळीस चित्रं आणि न उघडलेलं दुकान

पत्र असं आहे:

"गेली अकरा वर्षं मी जलरंगात आणि ॲक्रिलिकमध्ये चित्रं काढते. कपाटात चाळीस चित्रं आहेत. ओळखीच्या लोकांनी पाच-सहा विकत घेतली, तेव्हापासून स्वतःचं ऑनलाइन दुकान काढायचं डोक्यात आहे. भाची वेबसाइट करून द्यायला तयार आहे. पण सहा महिने झाले, आम्ही तीन सॉफ्टवेअरची तुलनाच करतोय. लोगो दोनदा बदलला. किंमत किती लावायची ते कळत नाही. चित्रं इंटरनेटवर टाकली की कुणीही उचलेल, ही धास्ती आहेच. आणि दुकान उघडलं नि कुणी फिरकलंच नाही तर? ता. क. माझं सगळ्यात चांगलं चित्र, निळ्या दाराचं, मला विकायचं नाही. पण ते ठेवलं तर दुकान उठून दिसेल, असं भाची म्हणते. काय करू? – कुंचला धरून बसलेली"

कुंचला धरून बसलेल्या मैत्रिणीस,

सहा महिन्यांत तीन सॉफ्टवेअर पाहून झाली, लोगो दोनदा झाला, पण एखाद्या चित्राचा नीट फोटो काढल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. किंमतही एकाच्यासुद्धा नावापुढे लिहिलेली दिसत नाही. रागावू नका. मी छापचित्रं करते आणि माझं दुकान काढताना मीही हेच केलं होतं. पानाची पार्श्वभूमी पांढरी ठेवावी की मोतिया, यावर माझे तीन रविवार गेले. नमनालाच घडाभर तेल. सॉफ्टवेअर निवडत बसण्यात एक सोय असते: तोवर आपल्या चित्राला कुणी नको म्हणत नाही. किंमत लिहून चित्र समोर ठेवलं की म्हणू शकतं.

तेव्हा सॉफ्टवेअरचा निकाल आधी लावून टाकू.

पर्याय तीन प्रकारचे असतात. पहिला, एट्सीसारखा ऑनलाइन बाजार. तो २००५ पासून चालू आहे. तिथे गिऱ्हाईक आधीच हिंडत असतं, पण तुमच्या चित्राशेजारी इतर शेकडो जणांची चित्रं टांगलेली असतात आणि नियम त्या बाजाराचे. विक्रीवरचं एट्सीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के झालं, तेव्हा विक्रेत्यांना फक्त कळवण्यात आलं, विचारलं कुणी नाही. दुसरा प्रकार भाड्याच्या दुकानाचा, म्हणजे शॉपिफाय वगैरे. दर महिन्याला भाडं भरा, बाकीची देखभाल ते करतात. (शॉपिफायचा जन्म गमतीचा आहे. स्थापकांना बर्फावर घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायच्या होत्या, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं. फळ्या मागे पडल्या, सॉफ्टवेअर २००६ पासून विकलं जातंय.) तिसरा, वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स ही दुकानाची जोड बसवून उभारलेलं स्वतःचं दुकान. सॉफ्टवेअर फुकट, पण सर्व्हरची जागा, सुरक्षितता, अपडेट, बॅकअप सगळं आपल्या गळ्यात.

तुमच्याकडे चाळीस वस्तू आहेत आणि प्रत्येक वस्तू एकच नग आहे. एवढ्यासाठी यातला कोणताही पर्याय पुरून उरतो. भाची पुढची दोन-तीन वर्षं वूकॉमर्सची अपडेट सांभाळणार असेल तर तिसरा घ्या. परीक्षा, नोकरी, लग्न यांपैकी काहीही तिच्या वाटेत असेल तर दुसरा घ्या. कोणताही घेतलात तरी तीन गोष्टी तपासा. एका नगाचं चित्र विकलं गेलं की ते आपोआप 'विकलं' असं दिसतं का? नाहीतर एकच चित्र दोघांना विकून बसाल. गिऱ्हाइकाला खातं न उघडता खरेदी करता येते का? आणि उद्या दुकान हलवायचं झालं तर चित्रांची आणि गिऱ्हाइकांची यादी फाइल म्हणून बाहेर काढता येते का? तिन्हींना उत्तर 'हो' असेल तर आजच ठरवून टाका. तुलनेचा तक्ता फाडून टाकलात तरी चालेल.

एक ताकीद मात्र देते. दुकानाचं डोमेन, म्हणजे त्याचं नाव, तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच खात्यातून घ्या. भाची कितीही गुणी असली तरी. माझं पहिलं डोमेन एका परिचिताने हौसेने स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं. पुढे त्याने तो ईमेल वापरणं सोडलं, नूतनीकरणाच्या सूचना त्या रिकाम्या पेटीत पडत राहिल्या आणि मुदत संपली. एका सकाळी माझ्या पत्त्यावर बुटांच्या जाहिराती दिसत होत्या. छापून घेतलेली कार्डं तेवढी उरली.

आता खरं काम. दुकान म्हणजे पहिलं पान, लोगो, मेनू असं तुम्हाला वाटतंय. गिऱ्हाईक बऱ्याचदा ते पाहतही नाही. कुणीतरी एका चित्राचा दुवा पाठवलेला असतो, तो उघडून ते थेट त्या चित्राच्या पानावर उतरतं, बहुतेक वेळा फोनवर. त्या एका पानावर एक अनोळखी माणूस हात न लावता, जवळ न जाता, तुम्हाला कधी न भेटता पैसे द्यायचा विचार करत असतो. त्याच्या मनात शंकाच शंका असतात. रंग खरोखर असेच आहेत का? मोठं म्हणजे केवढं? फ्रेमसकट येणार की गुंडाळी? वाटेत फाटलं तर? ही बाई खरी आहे ना? यांतली प्रत्येक शंका त्याच पानावर फिटली पाहिजे, कारण विचारायला तो ईमेल करणार नाही. गपचूप निघून जाईल.

निम्म्या शंका फोटो फेडतात, म्हणून त्यांवर वेळ घालवा. घरातला दिवा नको, फ्लॅश तर नकोच. ढगाळ दिवशी किंवा सावलीत, मोकळ्या उजेडात चित्र भिंतीला उभं टेकवा आणि कॅमेरा त्याच्या बरोबर मध्यासमोर, चित्राला समांतर धरा. ट्रायपॉड वापरा. फोनची नेहमीची लेन्स जवळून कडा फुगवते, चौकोनी चित्र पिंपासारखं दिसतं. मागे सरका आणि दुप्पट झूमवर काढा. घरातच काढायचं असेल तर एकसारखे दोन दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत ठेवा आणि खोलीतले बाकीचे दिवे मालवा. दोन रंगांचे उजेड मिसळले की तो फोटो कुणालाच सुधारता येत नाही. ॲक्रिलिकवर वॉर्निश असेल तर चकाकी येते, तेव्हा दिवे आणखी बाजूला सरकवत राहा. जलरंग काचेच्या चौकटीत असतील तर आधी काचेतून बाहेर काढा. काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसेल.

रंगांसाठी एक राखाडी कार्ड चित्राशेजारी ठेवून पहिला फोटो घ्या आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, लावा. मग मूळ चित्र स्क्रीनशेजारी धरून बघा. जलरंगाचा कागद थोडा पिवळट असतो, तो पांढराफटक करायचा मोह आवरा. घेणाऱ्याच्या हातात पिवळट कागदच पडणार आहे. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत साठवा, नाहीतर काही स्क्रीनवर रंग मेलेले दिसतात.

प्रत्येक चित्राचे निदान चार फोटो हवेत. एक सरळ, पूर्ण, चौकटीशिवाय. एक इतक्या जवळून की कुंचल्याचा फटकारा आणि कागदाचा पोत दिसावा. एक बाजूने, म्हणजे कॅनव्हासची जाडी कळेल. आणि एक ज्यात आकाराचा अंदाज येईल: तुम्ही हातात धरलेलं चित्र किंवा खुर्चीच्या वरच्या भिंतीवर लावलेलं. तयार दिवाणखान्याच्या फोटोत आपलं चित्र चिकटवून देणारी ॲप मिळतात. वापरा हवं तर, पण सोफ्याच्या मापाशी प्रमाण जुळवून. बारा इंची चित्र त्या भिंतीवर चार फुटी दिसलं, की पार्सल उघडल्यावर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं आणि त्यात त्याची चूक नसते.

मजकूर थोडका पुरे. माप सेंटिमीटरमध्ये आणि इंचांत, कागद की कॅनव्हास, कोणते रंग, सही कुठे आहे, कोणत्या वर्षी काढलं, फ्रेमसकट की नाही, कसं बांधून येईल, किती दिवसांत निघेल, आवडलं नाही तर परत घेता का आणि परतीचा खर्च कुणाचा. आणि दोन-तीन वाक्यं तुमची. 'अवकाशाच्या अंतर्मनाचा शोध' छापाचं काही लिहू नका, हात जोडून सांगते. त्या दिवशी ऊन कसं होतं, ती भिंत तुम्ही कितव्या प्रयत्नात जमवली, असं लिहा. चित्र घेणाऱ्याला ते घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचं असतं. शिवाय फोटोला वर्णनाची एक ओळ जोडायची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती रिकामी सोडू नका. न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारी यंत्रं तीच ओळ वाचतात आणि शोधयंत्रांनाही तिचा आधार असतो.

पाठवणीचा खर्च आत्ताच काढून ठेवा, पहिली ऑर्डर आल्यावर नको. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या ५००० ने भागा. ६० बाय ५० बाय १५ चं खोकं झालं ९ किलो, मग आत दोन किलोचं चित्र असो. तेच कॅनव्हास चौकटीवरून काढून १० सेंटिमीटर रुंद, ७० लांब नळीत घातलं तर १.४ किलो. फरक केवढा पडतो बघा. म्हणून मोठी ॲक्रिलिक चित्रं गुंडाळून पाठवण्याचा पर्याय द्या. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची, आत ठेवली तर रंग दाबला जाऊन चुरगळतो. रंगाचा थर जाड असेल तर गुंडाळूच नका. ॲक्रिलिक वाळल्यावरही थोडं चिकटतं, त्यामुळे बबल रॅप थेट त्यावर ठेवला की गोल गोल ठसे उमटतात. मधे ग्लासीनचा गुळगुळीत कागद हवा. जलरंग मात्र सपाटच जाऊ द्यात, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, आम्लरहित कागदात. एकदा माझी सहा छापचित्रं पातळ नळीतून गेली आणि मध्यभागी चेपून पोचली. कुरिअरचा माणूस नळीवर बसला असावा. तेव्हापासून मी नळी विकत घेताना आधी तिच्यावर स्वतः उभी राहून बघते.

हा खर्च चित्राच्या पानावरच दाखवा, किंवा किमतीतच धरा. बेमार्ड ही संस्था ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करते. तिच्या आकड्यांनुसार वस्तू टोपलीत टाकूनही सुमारे ७० टक्के वेळा खरेदी अर्धवट सोडली जाते. पुष्कळजण नुसतं बघत होते म्हणून जातात. ते सोडले तर सगळ्यात मोठं कारण शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेली रक्कम हेच निघतं.

किंमत. हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं.

'मनापासून काढलं म्हणून जास्त' आणि 'तासाभरात झालं म्हणून कमी', हे दोन्ही हिशेब सोडून द्या. घेणाऱ्याला तुमचे तास दिसत नाहीत. चाळीस चित्रांची चाळीस वेगवेगळी कारणं दिलीत तर किमती अशा वरखाली होतील की तुम्हालाच समजावता येणार नाहीत. आकारावरून सूत्र बांधा. काहीजण क्षेत्रफळ धरतात, काहीजण लांबी अधिक रुंदी. मला दुसरं पटतं आणि त्याला कारण आहे. १२ बाय १६ इंचांचं क्षेत्रफळ १९२ चौरस इंच, २४ बाय ३६ चं ८६४. क्षेत्रफळाने मोठ्या चित्राची किंमत साडेचार पट होते. लांबी-रुंदीची बेरीज केली तर २८ आणि ६०, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. पहिल्या पद्धतीत लहान चित्रं कवडीमोल होतात नाहीतर मोठी कुणाच्या आवाक्यात राहत नाहीत. त्या बेरजेला एका दराने गुणा, वर साहित्याचा आणि फ्रेमचा प्रत्यक्ष खर्च मिळवा. कॅनव्हाससाठी एक दर, कागदासाठी त्याहून कमी.

दर कुठून आणायचा? ती जी पाच-सहा चित्रं विकली गेली ती कितीला गेली, ते आठवा आणि उलटा हिशेब करा. ओळखीच्यांना तुम्ही स्वस्त दिली असणार, तेव्हा दर थोडा वर न्या. मग तुमच्याइतक्याच वर्षांच्या, त्याच माध्यमातल्या चित्रकारांच्या किमतींशी ताडून बघा. आलेल्या आकड्यात पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं) शुल्क, बांधणी आणि तुमच्याकडे लागू असलेला कर वजा करून काय उरतं ते पाहा. उरलेली रक्कम वाचून तुम्हाला चित्र परत कपाटात ठेवावंसं वाटलं, तर दर कमी आहे.

आणि तीच किंमत सगळीकडे ठेवा. दुकानात एक, फोनवर विचारलं तर दुसरी, प्रदर्शनात तिसरी, असं करू नका. उद्या एखादी गॅलरी विचारेल, तिचं कमिशन निम्म्यापर्यंत असू शकतं. तेव्हा ती तुमची किंमत दुकानात बघणारच आणि तिथे तुम्ही तिच्याहून स्वस्त विकत असाल तर बोलणं तिथेच संपेल. भाव पुढे वाढवता येतो. उतरवला की आधी घेतलेल्यांना टोचतो. 'किंमत विचारा' असं तर मुळीच लिहू नका. विचारायला संकोच वाटणारी माणसंच जास्त असतात.

चोरीची धास्ती. ती अगदीच निराधार नाही. पण जितकी धडकी तुम्हाला भरलीय तितकी भरायचं कारण नाही, आकडेच बघा. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल लागतात. तुमच्या कॅमेऱ्याची मूळ फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची असेल तर तिच्यातून २० इंच लांब छाप निघते. दुकानात मात्र १६०० पिक्सेलची प्रत टाका. फोनवर, लॅपटॉपवर ती सुरेख दिसते, पण उचलून नीट छापायला गेलं तर जेमतेम सव्वापाच इंच. मूळ फाइल कधीही वेबसाइटवर चढवू नका, एवढं पाळलं तरी बराच बंदोबस्त झाला. चित्राच्या मधोमध नाव उमटवू नका. चोर ते पुसतात आणि गिऱ्हाइकाला मात्र चित्र दिसत नाही.

कायद्याचं म्हणाल तर १८८६ च्या बर्न करारात आज १८० हून अधिक देश आहेत आणि त्यानुसार कॉपीराइट चित्र काढताक्षणी तुमचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. चित्र विकल्यावरही त्याच्या प्रती काढायचा हक्क सहसा तुमच्याकडेच राहतो, तुम्ही लेखी देऊन टाकला नसेल तर. हे एक वाक्य विक्रीच्या अटींत आणि सोबत पाठवायच्या प्रमाणपत्रावर लिहून ठेवा. नकलांचं दुखणं जुनं आहे. जर्मन चित्रकार ड्यूररने १५११ साली आपल्या काष्ठछापांच्या मालिकांना नक्कल करणाऱ्यांना दम देणारा मजकूर जोडला होता, सम्राटाचा हवाला देऊन. तरी नकला झाल्याच, आणि त्याची चित्रंही विकली गेली. ती विकायला त्याची बायको ॲग्नेस जत्रेत जाऊन बसत असे. तुमच्याकडे निदान भाची आहे.

आता कुणी फिरकलं नाही तर. नाहीच फिरकणार, सुरुवातीला. दुकान उघडल्याचं कुणालाच ठाऊक नसतं आणि शोधयंत्रांना नवं दुकान ओळखायला महिने लागतात. ज्या पाच-सहाजणांनी तुमची चित्रं घेतली, त्यांना प्रत्येकी वेगळं, नाव घालून लिहा. दुकान उघडलंय, हे नवीन चित्र पाहा, एवढंच. चित्र घरात कुठे लावलंय त्याचा फोटो मागा आणि दुकानात लावायची परवानगी घ्या. अनोळखी माणसाच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राइतका भरवसा कुठल्याच जाहिरातीने बसत नाही. पहिल्या दिवसापासून ईमेलची यादी करा, प्रत्येकाला विचारून. समाजमाध्यमांवर तुमचं चित्र कुणाला दिसेल ते ती कंपनी ठरवते, ईमेल मात्र थेट पेटीत पडतो. महिन्यातून एकदा पुरे, एक नवीन चित्र आणि चार ओळी.

चाळीसच्या चाळीस एकदम मांडू नका. बारा निवडा, एकमेकांशेजारी शोभतील अशी, आणि दर महिन्याला तीन-चार वाढवत जा. कोणी परत आलं तर काहीतरी नवं दिसेल. विकलेली चित्रं काढून टाकू नका, 'विकलं' अशी खूण करून राहू द्या. आणि उघडायच्या आधी संगणकाशी फारसं सख्य नसलेल्या एखाद्या व्यक्तीच्या हातात फोन द्या, तुमच्याच दुकानातून एक चित्र विकत घ्यायला सांगा आणि मागे गप्प उभ्या राहा. जिथे ती अडेल तिथे तुमची गिऱ्हाइकं अडणार आहेत. माझ्या मावशीला 'पैसे भरा'चं बटण सापडलंच नाही, कारण मी ते अतिशय सुंदर अशा फिक्या राखाडी रंगात ठेवलं होतं.

राहिलं निळं दार. दुकानात ते ठेवू नका. 'विक्रीसाठी नाही' अशी पाटी लावलेलं चित्र दुकानात असलं की लोक नेमकं तेच मागतात आणि बाकीची अकरा त्यापुढे उरलेली वाटतात. तुमच्याबद्दलच्या पानावर लावा, मोठं, आणि ते का ठेवून घेतलंय ते लिहा. तरी विचारणा होतीलच. तेव्हा त्या चित्राच्या छापा काढायच्या का, हे ठरवा: चांगल्या सुती कागदावर, पिगमेंटच्या शाईने, मोजून ३० प्रती, प्रत्येकीवर पेन्सिलीने १/३०, २/३० असे आकडे आणि सही. पण छपाईवाल्याकडून आधी एक नमुना मागवा आणि तो दिवसाउजेडी मूळ चित्राशेजारी धरा. निळा रंग छपाईत सहज जांभळ्याकडे झुकतो.